रांगेची फळी

या, अशा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट ऐकण्याची आहे, आणि ऐकू न येण्याचीही आहे. हिच्यात राजा नाही, राणी नाही. कर्ज आहे, भिंतीत फुटलेला पाइप आहे, एक चिडकी सून आहे आणि तिची सासू आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. तेवढ्यासाठी तरी थांबा.

तर त्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक लांब लाकडी फळी होती, मोडलेल्या वस्तूंची. घरात जे काही बिघडेल ते त्या फळीच्या उजव्या टोकाला येऊन बसायचं आणि आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं. महिन्याचा हप्ता भरून जे उरेल त्यात डावीकडची पहिली वस्तू दुरुस्तीला जायची, आणि बाकीच्या एकेक घर पुढे सरकायच्या. इस्त्री होती, छत्री होती, तळ सुटलेला बूट होता. पंखा काही फळीवर ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या रेग्युलेटरचं बटण काढून रांगेत ठेवलं होतं. सुनेची दाढ ठणकत होती. तीही ठेवता येत नाही, म्हणून तिच्या जागी लवंगेच्या तेलाची बाटली उभी होती. रांग मोडायची नाही, मध्ये घुसायचं नाही, रडगाणं गायचं नाही. हा कायदा सुनेचा, आणि ती तो हवालदारासारखा राबवायची.

सून पडदे शिवायची. मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पायाखाली चिंध्या आणि मांडीवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचं भारी कापड, असा तिचा दिवस जायचा. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. स्वभावाने इतका मऊ की बिघडलेल्या लिफ्टचीही समजूत काढेल. हाच मऊपणा घराला नडला. त्याच्या थोरल्या भावाने धंद्यासाठी कर्ज काढलं तेव्हा हा जामीन राहिला, आणि राहतं घर तारण ठेवून बसला. थोरल्याचा धंदा बसला, थोरला मात्र उभा राहिला. आता तो जागांची दलाली करत होता. बँकेने धाकट्याचं दार धरलं. शेवटी एका कार्यालयातल्या शांत, चष्मेवाल्या बाईंनी मध्ये पडून तडजोड करून दिली: व्याज थांबेल, दर महिन्याला ठरलेला हप्ता जाईल, पण एक जरी चुकला तर करार रद्द, व्याज मागल्या तारखेपासून सुरू आणि घरावर जप्ती. बाईंनी हेही बजावलं होतं की अडीअडचणीसाठी थोडं बाजूला टाकत चला. सून हसली होती. टाकायला काही उरलं तर बाजू शोधू, म्हणाली होती.

तेव्हापासून तिच्या डोक्यात जी आग पेटली ती विझली नाही. सकाळी उठायची ती रागात, झोपायची ती रागात. शेजारीपाजारी कुणाला कर्जाचा सुगावा लागू द्यायचा नाही, म्हणून बाहेर तोंड मिटलेलं. नवऱ्याला बोलावं तर तो खाली मान घालून बूट न्याहाळत बसायचा. सगळं बोलणं साठून साठून संध्याकाळी एकाच माणसापुढे सांडायचं, ते म्हणजे सासू.

म्हाताऱ्या सासूने सारा जन्म विणकामाच्या मशीनवर काढला होता. टेबलाएवढं लांब मशीन, सुयांची ओळ, आणि वरून इकडून तिकडे सरकवायचा दांडीचा खटारा. शाळांचे स्वेटर विणून तिने दोन पोरांना वाढवलं होतं. आताही संध्याकाळी ती डोळ्यांवर चष्मा आणि कानात ऐकण्याचं यंत्र घालून मशीनशी बसायची, आणि सून तिच्या मागे खाटेवर बसून पडद्यांच्या कडा टाचत बोलायची. खटारा खर्रर्र करून जायचा, खर्रर्र करून यायचा. सून म्हणायची, थोरल्याने आजवर एक दमडी दिली नाही. म्हातारी मान डोलवायची. सून म्हणायची, आपण इथे फुटक्या बुटात फिरतो आणि ते सूट घालून लोकांना घरं दाखवतात. म्हातारी पुन्हा मान डोलवायची. कधी हात थांबवून वळायची, सुनेचा लाल चेहरा बघायची आणि म्हणायची, “खरंय गं बाई.”

देवाशपथ सांगायचं तर त्या दोन शब्दांवर सून जगत होती. पण त्याच दोन शब्दांनी तिच्या तळपायाची आग मस्तकातही जायची. कारण खरंय म्हणणारी ही बाई विणत काय होती? थोरल्यासाठी निळा स्वेटर. तोंडाने माझी आणि हाताने त्याची, असं सून मनात म्हणायची आणि सुई कापडात जरा जास्तच जोरात खुपसायची.

एवढ्यात तो पाइप फुटला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. त्या एका सकाळी वर आल्या आणि शाळेतल्या पोराला उभं करावं तसं सुनेला आपल्या छताखाली उभं केलं. छताला मोठा ओला डाग पडला होता, रंगाचे पापुद्रे लोंबत होते. मास्तरीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं की आठ दिवसांत पाणी थांबलं नाही तर त्या सोसायटीकडे जातील, आणि छताच्या रंगाचा खर्चही वरच्यांनीच द्यायचा.

प्लंबर आला. म्हातारीच्या खाटेमागच्या भिंतीला त्याने कान लावला, मग हात लावला, मग फोडली. आतला पाइप कुजून चिरला होता, आणि पाणी भिंतीतून जमिनीत, जमिनीतून खाली गेलं होतं. फरशी उचलावी लागणार होती. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सुनेची ठणकणारी दाढसुद्धा क्षणभर गप्प झाली.

“ताई, इथं कोण झोपतं?” त्याने विचारलं. “पंधरा दिवस तरी भिंतीत सूं सूं आवाज येत असणार. तेव्हाच बोलावलं असतं तर नुसता एक सांधा बदलून काम भागलं असतं.”

सुनेने सासूकडे पाहिलं. ती दारात उभी राहून फुटलेल्या भिंतीकडे बघत होती. सुनेला वाटलं, हिने ऐकलं आणि गप्प बसली. उशाशी पाणी वाजत होतं आणि ही बया स्वेटर विणत होती. ती तेव्हा काही बोलली नाही. न बोललेला राग कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पातेल्यावर झाकण ठेवून गॅस वाढवावा तसा.

रात्री नवऱ्याने बूट न्याहाळून झाल्यावर सुचवलं की हा हप्ता आठ दिवस पुढे ढकलता येतो का ते कार्यालयातल्या बाईंना विचारू. सुनेने विचारलंच होतं. बाई म्हणाल्या होत्या की बँक एक दिवसही ऐकत नाही. मग दादाला विचारू का, असं नवरा पुटपुटला, आणि बायकोचे डोळे बघून स्वतःच म्हणाला की राहू दे.

दुसऱ्या संध्याकाळी सून नेहमीसारखी मशीनमागे येऊन बसली. हातात पडदा नव्हता. तिने विचारलं, “आई, तुमचं मशीन विकू का? दुसरं काही राहिलं नाहीये घरात.”

हे विचारण्यात गरज होती. पण खरं सांगायला हवं, गरजेइतकाच डूखही होता. थोरल्याचा निळा स्वेटर अर्धा झाला होता, आणि तो पुरा होऊ नये असं तिला वाटत होतं.

खटारा गेला, आला. म्हातारीने मान डोलवली. सुनेने पुन्हा विचारलं, विकू ना? मान पुन्हा डोलली. इतक्या सहज हो म्हणेल असं सुनेला वाटलं नव्हतं. मनात कुठेतरी ती वरमली, आणि वरमली म्हणून अजूनच चिडली.

दोन दिवसांनी म्हातारी बहिणीकडे राहायला गेली. जुनी यंत्रं घेणारा दुकानदार हमाल घेऊन आला. सुनेने सुयांवरून निळा स्वेटर ओढून काढला आणि घडी घालून खाटेवर ठेवला. मशीन गेलं. पाइप बसला, फरशी बसली, हप्ताही वेळेवर गेला. मास्तरीणबाईंच्या छताचं तेवढं बाकी राहिलं. सुनेने त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पाठ टेकली.

म्हातारी परतली ती पिशवी हातात तशीच ठेवून रिकाम्या टेबलापुढे उभी राहिली. मग खाटेवरचा स्वेटर उचलला. सगळे फासे सुटले होते. उचलताच ओळीमागून ओळ उसवत खाली आली.

“मशीन कुठंय माझं?”

सून ओट्याशी पाठमोरी होती. तिने वळायचीही तसदी घेतली नाही. विकलं, म्हणाली, तुम्हाला विचारूनच विकलं. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मागून तोच प्रश्न आला, तसाच, जणू मधलं काही झालंच नव्हतं. “मशीन कुठंय?” सून चिडून वळली आणि म्हणाली की तीनदा सांगितलं, बहिऱ्या आहात का?

म्हातारी तिच्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

सुनेने पुढे होऊन सासूच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र काढलं आणि आपल्या कानाशी धरलं. पूर्वी ते हातात घेतलं की शिट्टी मारायचं. आता दगडासारखं गप्प होतं. हल्ली शिट्टी वाजत नाही, छान चाललंय, असं नवराच एकदा कौतुकाने म्हणाला होता. दार सताड उघडं ठेवता म्हणून तिने स्वतः सासूला कितीदा झापलं होतं. घंटी ऐकू येत नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

तेवढ्यात नवरा कामावरून आला. म्हातारी खाटेवर बसली आणि रागाने बोलू लागली. यंत्र सहा महिन्यांपूर्वी, हप्ते सुरू झाले त्याच आठवड्यात मेलं. दुकानात दाखवलं, तर दुरुस्त होत नाही, नवंच घ्या म्हणाले. घरी येऊन तिने फळी बघितली. “तुझी दाढ माझ्या पुढे होती. माझं यंत्र ठेवलं असतं तर एकतर तू मला मध्ये घुसवलं असतंस, नाहीतर रांग मोडली म्हणून घर डोक्यावर घेतलं असतंस. घातलं पुन्हा कानात. तुझं ओरडणं ऐकू येईना, तेवढंच सुख.”

“आणि मान कशाला डोलवत होता मग?”

सुनेने हे तिच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं.

“ओळी मोजत होते,” म्हातारी म्हणाली. “जन्मभर ओळी मोजताना माझी मान हलते. आणि वळून तुझा लाल चेहरा दिसला की खरंय म्हणायचे. तू माझ्या पाठीला विचारून माझं मशीन विकलंस.”

बघा, काय झालं होतं ते. घराने एका यंत्राचा खर्च वाचवला, म्हणून भिंतीतलं पाणी कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून सांध्याच्या जागी सगळी भिंत गेली, आणि भिंतीपायी मशीन गेलं. कायदा सुनेचा होता. तिला तो राग आता कुणावर टाकावा ते कळेना. इतके दिवस जिला सगळं सांगितलं तिने एक शब्द ऐकला नव्हता. सगळं भिंतीलाच सांगितलं म्हणायचं, आणि ती भिंतही फोडून झाली होती.

म्हातारीने मग धाकट्याकडे बोट केलं. दोघांच्या पगारात अर्धाच हप्ता भरायचा, तरी घरावर ही पाळी का यावी? अर्धा तर थोरला भरतो ना?

नवरा बूट बघू लागला. आईला वाईट वाटू नये म्हणून त्यानेच करार झाला तेव्हा तसं सांगून ठेवलं होतं, आणि बायकोला हे आज कळत होतं.

तेव्हा सून सासूच्या कानाशी वाकली आणि ओरडली. घशाच्या शिरा ताणून ओरडली, की थोरल्याने एक पैसा दिलेला नाही. की सगळा हप्ता आम्ही भरतो. की एक चुकला तर हे घर जाईल. खालच्या मास्तरीणबाईंची खिडकी उघडली. वर कुणीतरी खिळा ठोकत होतं ते थांबलं. जिन्यात पावलं घुटमळली. सहा महिने ओठांआड दाबून ठेवलेली गोष्ट तळापासून गच्चीपर्यंत गेली, आणि सून थांबली नाही. दाढ, बूट, छत्री, निळा स्वेटर, सगळं तिने त्या सुरकुतल्या कानात ओतलं. नवरा खिडकी लावायला उठला, तर म्हणाली, “राहू दे उघडी. लोकांना तरी ऐकू येतंय ना.”

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग खाली घरंगळलेली निळी लोकर गुंडाळून तिचा गोळा केला, पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. “चल,” ती सुनेला म्हणाली. “तू नको,” धाकट्याला म्हणाली, “तू तिथे जाऊन त्यालाच चहा करून देशील.”

थोरल्याचं घर उंच इमारतीत. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि सुनेची नजर पडद्यांवर गेली. जाड रेशमी कापड, दुहेरी अस्तर, खालची कड हाताने टाचलेली. ती टाच तिचीच होती. मापं दुकानात आली होती, गिऱ्हाईक कोण ते मागच्या खोलीत कुणी सांगत नाही. त्या पडद्यांसाठी तिने ठणकणारा गाल कापडाला टेकवून चार संध्याकाळी काढल्या होत्या, आणि तिला त्यांची किंमत पाठ होती. तिने पडद्याची कड बोटांत धरली. ओढावी, सगळं दांडीसकट खाली आणावं, असं मनात आलं. तिने धरूनच ठेवली.

थोरला मात्र हसतमुखाने पुढे आला. आईचे पाय दाबल्यासारखं करून शेजारी बसला आणि बोलू लागला. आता थोरल्याचं बोलणं म्हणजे काय सांगावं. पडक्या खोलीला तो राजवाडा म्हणून विकायचा. त्याने बाजार किती वाईट आहे ते सांगितलं, येणी कशी अडकली आहेत ते सांगितलं, आईच्या आठवणीने झोप येत नाही हे सांगितलं, बोलता बोलता डोळ्यांत पाणीही आणलं. आजवर दर वेळी इथवर आलं की म्हातारी विरघळायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायची.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं बोलणं जरा थांबल्यावर तिने कानातलं यंत्र काढलं आणि समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवलं.

“हे सहा महिने बंद आहे,” ती म्हणाली. “तू काय बोललास त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. आता बोलू नकोस. माझं मशीन आणून दे, अर्धा हप्ता दे. मी इथे बसते.”

आणि पिशवीतून दोन सुया आणि तो निळा गोळा काढून ती विणायला लागली.

थोरला पुन्हा बोलू लागला. मान डोलत होती. ओळी मोजल्या जात होत्या. तो उभा राहून बोलला, खाली बसून बोलला, आवाज चढवून बोलला, तर त्याची बायको शेजारी ऐकतील म्हणून त्यालाच गप्प करू लागली. शेवटी तो सुनेकडे वळला. वहिनी तुम्ही तरी आईला समजावा, म्हणाला. धाकट्या भावाच्या बायकोला त्याने वहिनी म्हणावं, इतका तो भांबावला होता.

“भाऊजी,” ती पडदा न सोडता म्हणाली, “मी समजावते, पण मला ओरडावं लागेल. आमच्या इमारतीत आज सगळ्यांनी ऐकलं. तुमच्या खिडक्या कशा लागतात?”

दिवेलागणीला त्याने पैसे दिले.

मशीन सोडवायला दुकानदाराने दिले त्याहून बरेच जास्त मागितले, तेही त्यालाच द्यावे लागले. आणि म्हातारीने हमाल करू दिला नाही. त्या दिवशी धाकट्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. ती का बंद होती हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्यांदाच तो बूट न बघता सरळ भावाकडे बघत जिन्यात उभा होता. थोरल्याने सूट काढून ठेवला, मशीनचं एक टोक आपण धरलं, दुसरं धाकट्याने, आणि दोघांनी ते वर चढवलं. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की भिंतीला घासू नका, एका छताचा रंग आधीच येणं आहे.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. नाही झालं. थोरला बदलला नाही. म्हातारी दर महिन्याला हप्त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी जाते, सुनेने शिवलेल्या पडद्यांखाली बसते आणि विणते, तेव्हा कुठे अर्धे पैसे निघतात. निळा स्वेटर पुन्हा झाला नाही. ती लोकर या बसण्याच्याच कामी येते, महिन्याला विणायची आणि घरी येऊन उसवायची. सुनेचा रागही गेलेला नाही. आता तिला तो सासूसमोर स्टूल टाकून, तिच्या डोळ्यांत बघत, मोठ्याने आणि सावकाश बोलावा लागतो. इतक्या सावकाश बोलताना कधी कधी तिला स्वतःचंच बोलणं ऐकू येतं, आणि ती मध्येच थांबते.

फळी अजून तिथेच आहे. ते बंद यंत्र आता तिच्यावर आहे. सून सकाळी कामावर जाताना ते उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवते. संध्याकाळी येऊन बघते तर पहिल्या जागी लवंगेच्या तेलाची बाटली उभी असते आणि यंत्र तिच्या मागे. त्यावरून रोज भांडण होतं. म्हातारी म्हणते, आधी दाढ, थोरल्याचं गोड बोलणं मला इतक्यात ऐकायचं नाही. सून तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन म्हणते, तुम्हाला कोण विचारतंय. आणि पुन्हा यंत्र पुढे.

आता माझं मागणं. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस कोपऱ्यात बसून तुमच्या बोलण्याला मान डोलवत असेल. घरी गेलात की एकदा समोर जाऊन बसा, आणि त्या वेळी पाठमोरी बसून ओळी मोजणाऱ्या या बाईची आठवण काढा. देवापुढे हात जोडाल तेव्हाही तिला विसरू नका. तिचा हप्ता अजून चालू आहे.